बरणी वाकडी आली म्हणून काय झालं?

अगं, आधी तो पेन टॅबलेट परत खोक्यात घालायचा विचार डोक्यातून काढून टाक बघू. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवलेल्या मुलीला स्क्रीनवर साधी लोणच्याची बरणी जमू नये, याचं तुला किती वाईट वाटतंय ते कळतंय मला. पण बघ, कागदावर काढताना तुझी नजर आणि पेन्सिलीचं टोक एकाच जागी असतं. या टॅबलेटवर हात खाली टेबलावर आणि नजर समोर मॉनिटरवर. मेंदूला ही जुळणी नव्याने शिकावी लागते गं, आणि त्याला काही आठवडे सहज जातात. तुझी कला कुठेही पळून गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपास. टॅबलेटचं आणि मॉनिटरचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नसेल, तर गोल काढायला जावं आणि अंडं उमटावं असं होतं. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो चालू कर. कितीतरी मुली ही एक खूण न करता महिनोन्‌महिने आपल्या हाताला नावं ठेवत बसतात.

खरं सांगू का, मला तुझ्या वाकड्या बरणीपेक्षा त्या ‘अंडू’ची, म्हणजे केलेलं पुसून टाकणाऱ्या बटणाची, जास्त काळजी वाटते. तू रेघ मारतेस, आवडत नाही, पुसतेस. पुन्हा मारतेस, पुन्हा पुसतेस. शेवटी एकदाची नशिबाने बरी रेघ येते, आणि आपल्याला जमलं असं वाटतं. पण ती का बरी आली हे तुला कळलेलंच नसतं, त्यामुळे उद्या ती परत येत नाही. म्हणून तर मी तुझ्या मागे लागलेय की जलरंग सोडू नकोस. जलरंगात पांढरं म्हणजे कागदच, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि एकदा घाण झालेला रंग फारसा सुधारत नाही. त्यामुळे ब्रश टेकवायच्या आधी विचार करायची सवय लागते. हळदणकरांचं ते चित्र आठवतंय ना, हातात समई धरलेली, बोटांमधून लालसर उजेड झिरपणारी बाई? मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. तो उजेड कागदावर राखून ठेवणारा हात तुझ्या स्क्रीनवरही उपयोगी पडेल, लिहून घे.

आता गृहपाठ. एक साधी, कोऱ्या पानांची स्वस्त वही घे. महागडं देखणं स्केचबुक आणू नकोस, ते खराब होईल या भीतीनेच पहिलं पान कोरं राहतं. त्यात बॉलपेनने काढायचं, म्हणजे खोडरबराचा प्रश्नच मिटला. आणि खोलीत बसून नाही हं! मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं समोरच्या सीएसएमटी स्टेशनात जाऊन प्रवाशांची स्केचेस करतात, ही त्यांची जुनी रीत. तुझ्या गावात एसटी स्टँड आहे की. गाडीची वाट बघणारा माणूस एका पायावर भार टाकून उभा असतो, बोचकं सांभाळणाऱ्या आजींची पाठ कशी वाकते, पोर झोपलं की आईच्या खांद्यावर त्याचं डोकं कसं कलंडतं, हे तिथेच दिसेल. माणसं हलणारच. हलू देत. आधी पाठीच्या कण्याची रेघ आणि भार कुठल्या पायावर आहे ते पकड, कपड्यांच्या घड्या नंतर. कुणी वाकून बघायला लागलं तर लाजू नकोस, दाखव वही. परीक्षेसाठी पाठ केलेले स्मरणचित्रातले ते ठोकळेबाज फुगेवाले आणि भाजीवाल्या आहेत ना, त्या या सवयीने आपोआप सुटतात.

म्हणजे डिजिटल वाईट, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. जे कागदावर महाग पडतं, ते तिथे कर. एकाच रेखाटनावर वेगवेगळ्या लेयरमध्ये पाच रंगसंगती लावून बघ, कागदाचा खर्च शून्य. चित्र कृष्णधवल करून बघ, छायाप्रकाश फसलाय का ते लगेच कळतं. डोळे किलकिले करून वस्तुचित्र बघायला शाळेत शिकवतात, ते याचसाठी. आणि कॅनव्हास अधूनमधून आरशासारखा उलटा कर. मी एकदा चारशे टक्के झूम करून रात्रभर पापण्या कोरल्या. सकाळी चित्र उलटं करून बघते तर काय, बाईसाहेबांचा एक डोळा जवळजवळ कपाळावर! पापण्या मात्र फार सुरेख होत्या हो. म्हणून सांगते, पहिला अर्धा वेळ झूम करायचंच नाही, अख्खं चित्र डोळ्यासमोर ठेवायचं.

ब्रशांचा साठाही करू नकोस. एक कडक, एक मऊ, एक पेन्सिलीसारखा, बास. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, क्रिटा फुकट मिळतं आणि उत्तम चालतं. बाबांकडे आयपॅडचा हट्ट तर आत्ता धरूच नकोस. डेव्हिड हॉकनीने 2009 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, साध्या आयफोनच्या टिचभर पडद्यावर अंगठ्याने फुलं काढून मित्रांना पाठवली होती. अर्थात त्या अंगठ्यामागे पन्नासहून जास्त वर्षांचं रेखाटन होतं, हेही ध्यानात ठेव.

चित्र छापायचं असेल तर सुरुवातीलाच कॅनव्हास मोठा घे. ए-फोर कागदासाठी 300 डीपीआयला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. मागाहून ताणलं की सगळं धूसर होतं. शिवाय पडद्यावरचा तो झगझगीत पोपटी छापताना मलूल होणारच, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. छापखान्यातल्या काकांशी भांडू नकोस, आधी एक नमुना काढून घे.

आणि त्या रील बघून रात्री एक वाजता मला रडके निरोप पाठवणं बंद कर बाई. मिनिटभरात पूर्ण होणारं ते चित्र कित्येक तासांचं असतं, वेग वाढवून दाखवलेलं. तुझ्या वयाच्या मुलीचं काम तुझ्यापेक्षा सरस दिसलं, तर तिने सावली कुठल्या रंगात टाकलीय ते बघ आणि झोप. तुलना करायचीच असेल तर स्वतःच्या जून महिन्यातल्या पानाशी कर. म्हणून तर प्रत्येक पानावर तारीख घालायला सांगते मी, आणि तू दर वेळी विसरतेस.

राहता राहिली बारावीनंतरची गोष्ट. कलेच्या पदवीसाठी जी सीईटी होते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र कागदावरच काढावं लागतं, घड्याळ लावून. तिथे अंडू नाही. तेव्हा रोज संध्याकाळी आधी वही, मग टॅबलेट, हा क्रम परीक्षेपर्यंत मोडायचा नाही. आणि फॉर्म भरायच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तुझ्या तू बघत राहा गं, मी आठवण करणार नाही.