टेनिसचा साधा बूट : एक वस्तुपाठ

गेल्या क्रीडादिनी आमच्या वर्गातील एक मुलगा शंभर मीटरच्या शर्यतीतून मागे राहिला. पाय दुखतो असे त्याने सांगितले; परंतु खरे कारण निराळे होते. सोबत्यांच्या रंगीबेरंगी, जाड तळाच्या बुटांपुढे आपले पांढरे कॅन्व्हासचे बूट त्यास हलके वाटले. त्या बुटाची कुळकथा त्यास व तुम्हां सर्वांस ठाऊक असावी, म्हणून हा वस्तुपाठ.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक होऊन तडकते. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली असता हे दोन्ही दोष जातात, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास १८३९ साली आढळून आले. १८४४ साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. बुटास टिकाऊ रबरी तळ मिळाला तो या शोधामुळे.

पुढे १८७४ साली मेजर विंगफील्ड यांनी इंग्लंडात हिरवळीवरील टेनिसचे पेटंट घेतले व १८७७ साली विंबल्डन येथे पहिली स्पर्धा झाली. टाचेच्या बुटाने हिरवळ उकरली जाई आणि चामड्याचा गुळगुळीत तळ घसरे. म्हणून सपाट रबरी तळ व वर हलके कापड, असा बूट या खेळास सोईचा ठरला.

आता त्याची रचना पाहा. कापडातून हवा खेळते. नाडीमुळे बूट पायास बेताचा आवळता येतो. तळाभोवतीची रबरी पट्टी कापड व तळ यांचा सांधा झाकते. सर्व भाग जोडल्यावर अख्खा बूट भट्टीत तापवितात, त्यामुळे रबर पक्के होऊन कापडास घट्ट धरते. यांतील एकही भाग केवळ शोभेकरिता नाही. जेथे शोभेचे काही लावलेलेच नाही, तेथे शोभा जुनी तरी कशी व्हावी?

म्हणूनच इटलीतील सुपरगा कंपनीने १९२५ साली काढलेला कॅन्व्हासचा बूट आजही विकला जातो. १९७२ चा विंबल्डन-विजेता स्टॅन स्मिथ याच्या नावाचा पांढरा बूट मूळचा चामड्याचा खरा. पण त्याच्याही अंगी तोच साधेपणा आहे. टेनिसची रॅकेट कधी हाती न धरलेले लोकही तो आवडीने घालतात. आपल्या देशात बाटा कंपनीने १९३६ च्या सुमारास शाळकरी मुलांकरिता असाच बूट काढला, आणि अनेक पिढ्यांनी तो खडूने पांढरा करून कवायत केली.

तथापि नवे ते सारे वाईट, असे माझे म्हणणे नाही. आजच्या वेगवान टेनिसला किंवा लांब पल्ल्याच्या धावण्याला पायाखाली अधिक मऊपणा व बाजूंनी अधिक आधार हवा असतो. तो या बुटात नाही. पालकांनीही बूट घेताना आधी तो पायास नीट बसतो की नाही, हे पाहावे. गरजेकरिता महाग बूट घेणे निराळे, आणि लाजेपोटी घेणे निराळे.

त्या मुलाचे बूट शंभर मीटरांस पुरेसे होते. आज घरी गेल्यावर आपला बूट हाती घ्या आणि त्याच्या प्रत्येक भागास 'तू येथे कशाला?' असे विचारा. ज्यास उत्तर देता येईल, तो बूट घालून खुशाल धावा.