शितावरून भाताची परीक्षा



चुलीवर भात शिजत असतां आई पळीनें दोन शितें काढते, बोटांनीं चेपून पाहते आणि भात झाला कीं नाहीं तें सांगते. सारें पातेलें ती चाखून पाहात नाहीं. 'शितावरून भाताची परीक्षा' ही आपली म्हण याच अनुभवांतून निघाली आहे. ज्या संख्याशास्त्राची आज तुम्हांस तोंडओळख करून द्यावयाची आहे, त्याचें मर्म या एका म्हणींत सांठविलेलें आहे. परंतु म्हण जितकी सोपी, तितकें तिचें आचरण सोपें नाहीं, हेंही आपण पाहूं.

माणसांची मोजदाद करण्याची चाल फार प्राचीन आहे. पवित्र शास्त्रांतील चौथ्या पुस्तकाचें नांवच 'गणना' असें आहे. आणि कैसराच्या नांवनिशीसाठींच योसेफ व मरीया बेथलेहेमास गेलीं, ही कथा तुम्ही दर नाताळांत ऐकतां. आपल्या देशांत सर्वत्र एकाच वेळीं शिरगणती करण्याची पद्धति १८८१ सालापासून सुरू झाली. शिरगणतींत प्रत्येक माणूस मोजावयाचा असतो. पण जावळीच्या प्रत्येक खाचरांतील भाताची प्रत्येक लोंबी कोण मोजणार? अशा ठिकाणीं सर्वांऐवजीं थोड्यांची परीक्षा करावी लागते. ज्या सर्वांविषयीं आपणांस जाणावयाचें असतें त्यांस 'समष्टि' म्हणतात, आणि परीक्षेसाठीं घेतलेल्या थोड्यांस 'नमुना' म्हणतात.

मापन

नमुना घेण्यापूर्वीं मोजावयाचें काय, हें ठरलें पाहिजे. सर्वच आंकडे एका जातीचे नसतात. हजेरीपटावरील क्रमांक हे केवळ ओळखीचे आंकडे होत. त्यांची सरासरी काढणें म्हणजे वेळ दवडणें होय. परीक्षेंतील पहिला, दुसरा, तिसरा हे आंकडे क्रम दाखवितात. पण पहिल्यांत व दुसऱ्यांत किती अंतर आहे हें ते सांगत नाहींत. उंची, वजन, पाऊस यांचे आंकडे मात्र खरी राशि दाखवितात. त्यांची बेरीज-वजाबाकी करतां येते.

मोजमापांतील चुकाही दोन प्रकारच्या असतात. एकच बांक दहा मुलांनीं मोजलें, तर कोणाचें माप थोडें अधिक, कोणाचें थोडें उणें येईल. अशा चुका सरासरींत बहुतांशीं परस्परांस खोडून काढतात. परंतु फूटपट्टीच टोंकाशीं झिजलेली असली, तर दहाहि मुलें एकाच बाजूस चुकतील, आणि हजार वेळां मोजलें तरी ती चूक जाणार नाहीं. पर्जन्यमापक झाडाखालीं ठेवणाराची चूक या दुसऱ्या जातीची होय.

सरासरी

समजा, पांच मुलांच्या घरांपासून शाळेचें अंतर १, १, २, २ आणि ९ किलोमीटर आहे. बेरीज १५, तिला पांचांनीं भागिलें असतां सरासरी ३ किलोमीटर येते. पण या पांचांपैकीं तीन किलोमीटर चालणारा एकहि नाहीं! आंकडे क्रमानें मांडून मधला घेतला, तर तो २ येतो; यास 'मध्यक' म्हणतात. चार मुलांची स्थिति मध्यक अधिक चांगली सांगतो. तरी पण नऊ किलोमीटर चालून येणारा पांचवा मुलगा दोहोंतही दिसत नाहीं. म्हणून सरासरीबरोबर आंकड्यांचा विस्तार, म्हणजे सर्वांत लहान कोणता व सर्वांत मोठा कोणता, हेंही सांगावें.

आपल्या सातारा जिल्ह्याचेंच पाहा. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यांत तो सुमारें ५०० मिलिमीटर असतो. या दोहोंची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्यास "तुमच्या जिल्ह्यांत पाऊस भरपूर आहे" असें सांगणें हा गणित नव्हे, अन्याय आहे.

नमुना कसा घ्यावा?

येथें माझीच एक चूक सांगतों. मुलें किती दुरून शाळेस येतात हें पाहण्याचें एकदां माझ्या मनांत आलें. आषाढाचे दिवस होते. वर्गांत जीं मुलें हजर होतीं, त्यांस विचारून मीं अंतरें टिपून घेतलीं आणि बहुतेक मुलें जवळचींच आहेत असा निष्कर्ष काढला. तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, ओढ्यापलीकडचीं मुलें आज आलींच नाहींत, ओढ्यास पाणी आहे." मी निरुत्तर झालों. ज्यांच्याविषयीं मला जाणावयाचें होतें, नेमकीं तींच माझ्या कागदावर नव्हतीं.

अशीच चूक १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें केली. अध्यक्षाच्या निवडणुकीचें भाकीत करण्यासाठीं त्यानें सुमारें एक कोटि लोकांस मतपत्रिका पाठविल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असें त्यानें सांगितलें. प्रत्यक्षांत अठ्ठेचाळीसपैकीं सेहेचाळीस संस्थानांत रूझवेल्ट विजयी झाले! कारण साप्ताहिकानें नांवें घेतलीं होतीं तीं मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून, आणि त्या मंदीच्या काळांत गरिबाच्या घरीं यांपैकीं कांहींच नव्हतें. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी सर्वच घेत नाहींत. नमुना मोठा असला म्हणजे तो खरा असतोच असें नाहीं.

मग उपाय कोणता? चिठ्ठ्या! सर्वांचीं नांवें सारख्या चिठ्ठ्यांवर लिहून, नीट कालवून, न पाहतां उचलावीं. म्हणजे प्रत्येकास निवडलें जाण्याची सारखी संधि मिळते आणि निवडणाराची आवड-नावड मध्यें येत नाहीं. यास 'यादृच्छिक नमुना' म्हणतात. आईचें शीत खरें बोलतें, तें भात सारखा शिजलेला असतो म्हणून. तळ करपला असेल तर वरचें शीत फसवील.

सातारच्या मातींतील एक संख्याशास्त्रज्ञ

पूर्वीं पिकाचा अंदाज आणेवारीनें करीत. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे असें धरून, पाहणाऱ्याच्या नजरेस पीक जितक्या आण्यांचें दिसे तितका आंकडा लिहीत. या आंकड्यावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे. नजर चुकली तर दुष्काळांत पोळलेल्या कुटुंबास साराही भरावा लागे!

हा नजरेचा अंदाज दूर सारून त्याच्या जागीं खरें माप आणण्याच्या कार्यांत ज्यांनीं मोठा वांटा उचलला, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे आपल्याच जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व नंतर लंडन येथें त्यांचें शिक्षण झालें. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं पीक-कापणीची शास्त्रीय पद्धति बसविली. यदृच्छेनें गांवें निवडावयाचीं, त्यांतून तशींच शेतें निवडावयाचीं, शेतांतील एक तुकडाही तसाच आंखावयाचा आणि तेवढें पीक कापून, मळून, तोलावयाचें.

तुकडा फार लहान घेतल्यास उत्पन्न वाजवीपेक्षां अधिक दिसतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. कारण साधें आहे. सीमेवरचें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाराचा हात तें आंत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौरसांत दर चौरस मीटरमागें सीमा ४ मीटर असते. दहा मीटर बाजूच्या चौरसांत ती केवळ ०.४ मीटर असते. लहान तुकड्यास सीमा अधिक, म्हणून चूकही अधिक. पुढें १९५१ पासून डॉ. सुखात्मे यांनीं रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत काम केलें. १९९७ सालीं ते निवर्तले. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंतही भरपाई ठरवितांना पीक-कापणीच्या प्रयोगांचा आधार घेण्यांत आला.

नमुना किती मोठा असावा?

भात नीट शिजला असेल तर लहान पातेल्यास जितकीं शितें, जवळजवळ तितकींच मोठ्या हंड्यासही पुरतात. मात्र अचूकपणा स्वस्तांत वाढत नाहीं. अंदाजांतील चूक निम्म्यावर आणावयाची तर नमुना दुप्पट करून भागत नाहीं, चौपट करावा लागतो.

पालकांसही एक विनंति आहे. सुटींत मुलांकडून एवढें करवून घ्यावें : आपल्या वाडींतील सर्व घरांच्या चिठ्ठ्या कराव्या, त्यांतून दहा उचलाव्या, आणि पिण्याचें पाणी किती दुरून आणावें लागतें तें पावलांनीं मोजून वहींत लिहावें. निघालेलें घर दूर टेंकडीवर आहे म्हणून जवळचें दुसरें घेऊं नये. त्या टेंकडीवरच्या घराचाच हंडा कदाचित् सर्वांत लांबून येत असेल.

खोटा तराजू परमेश्वरास अप्रिय आहे, हें आपण लहानपणापासून शिकतों. खोटा नमुना हाही खोटा तराजूच होय. आंकडा लिहितांना जो दूरच्या घरापर्यंत चालून जातो, त्यासच तो आंकडा लिहिण्याचा अधिकार आहे.