लेथआधी वर्ग कशासाठी?

प्रश्न : आयटीआयतून टर्नरचा ट्रेड पूर्ण करून मी चाकणच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले आहे. आठवडाभर वर्गात सुरक्षितता, फाइव्ह-एस, क्वालिटी, टीमवर्क हेच चाललंय. लेथला हातही लावू देत नाहीत. हे सगळं मला येतं. वेळ वाया जातोय का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : अजिबात नाही. आयटीआयत तुम्ही लेथ चालवायला शिकलात. इथे तो इतरांसोबत, प्रत्येक जॉबला तेच माप राखत चालवायचा आहे. चकमध्ये विसरलेली चावी स्पिंडल सुरू होताच गोळीसारखी उडते. फिरत्या जॉबजवळ हातमोजा अडकला, तर हातच ओढला जातो. म्हणून आधी सवयी, मग यंत्र.

हे दिवस वापरून घ्या. ड्रॉइंगवर 25 ± 0.02 मिमी असेल, तर जॉब 24.98 ते 25.02 मध्येच हवा. तिथे व्हर्नियरऐवजी मायक्रोमीटर का, हे ट्रेनरना विचारा. तुमच्या लाइनवरचं इमर्जन्सी स्टॉपचं बटण पाहून ठेवा. पाळी बदलताना आधीचा ऑपरेटर काय सांगतो, ते ऐका. पुढे जॉब बिघडलाच, तर लपवू नका. वेगळा ठेवून लगेच सुपरवायझरना सांगा.

एक मात्र तपासा : 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तुमचा करार नोंदलेला हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडे हवी. वर्ग संपल्यावरही महिनोन्महिने नुसती हमाली किंवा झाडलोट पदरी आली, तर आधी कंपनीच्या ट्रेनिंग विभागाशी बोला. तिथे दाद लागली नाही, तर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राकडे जा. तूर्तास निश्चिंत राहा आणि मन लावून शिका.