अंतर अधिक, वेळ कमी

यमुनेपलीकडील मयूर विहारमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीसाठी निघाली की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती दूर, आणि किती तास?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी एकमेकांशी जोडलेली नाहीत.

पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. प्रत्यक्षात विमाने याहून लांबचा मार्ग घेतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या प्रवासासाठी अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरील मार्ग निवडला. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेले. परंतु प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पूर्ण झाला.

याचे कारण वाऱ्यात आहे. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पुढे ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. वरील आकड्यांवरून पॅसिफिक मार्गावरील सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो, तर अटलांटिक मार्गावरील सुमारे ८४० किलोमीटर. विमान हवेत असताना खालची पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो, हा समज चुकीचा आहे. कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते.

आता घड्याळाचा हिशेब पाहू. समजा, विमान शनिवारी पहाटे ३ वाजता सुटले. साडेचौदा तासांनी दिल्लीत सायंकाळचे साडेपाच वाजतील. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे तेथे शनिवारचेच पहाटेचे ४ वाजलेले असतील. तिकिटावर प्रवास एकाच तासाचा भासतो; कारण तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. उन्हाळ्यात हा फरक साडेबारा तासांचा होतो.

खरी चूक मात्र घरीच होते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावयाचे आणि शहर ओलांडण्यास दीड तास धरावयाचा, तर मयूर विहारहून शुक्रवारी रात्री साडेदहालाच निघावे लागते. तिकिटावरील ‘शनिवार’ वाचून शनिवारी रात्री निघणाऱ्यास विमान कालच गेल्याचे कळते!

हाच हिशेब पैशांच्या व्यवहारातही उपयोगी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोत शुक्रवारची दुपार असते तेव्हा दिल्लीत शनिवार सुरू झालेला असतो. तो महिन्यातील दुसरा वा चौथा शनिवार असल्यास बँकेच्या शाखेतील काम सोमवारवर जाते. म्हणून परदेशातील मुलांशी ठरविताना वेळेबरोबर वार आणि तारीखही अवश्य सांगावी.