मांडीवरचा राजा

संगमनेर

चि. अमोल यास,


पतसंस्थेचं चेअरमनपद तुला देणार, ही बातमी मला बाजारात परक्या माणसाने सांगितली. काल नोकरीला लागलेल्या पोराला एवढी खुर्ची कोण उगाच देतं? सह्या तुझ्या नि कारभार खुर्ची देणाऱ्यांचा, असं तर नाही ना?

पेमगिरीचा गड तू लहानपणी धावत चढायचास. तिथे असंच घडलं होतं. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं, हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. त्या धामधुमीत शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातलं एक पोर, मुर्तजा, त्याच गडावर गादीवर बसवलं. राजे त्याला मांडीवर घेऊन दरबारात बसत, असं सांगतात. नाव पोराचं, फौज राजांची.

राजांना मी बोल लावत नाही. बुडतं राज्य त्यांनी मोगलांसमोर तीन वर्षं तोलून धरलं, ते येरागबाळ्याचं काम नव्हे. पण 1636 मध्ये आदिलशहा शहाजहानला मिळाला, माहुलीला वेढा पडला आणि तहात ते पोर मोगलांच्या हवाली करावं लागलं. राजे विजापूरच्या चाकरीत गेले. मुर्तजाची रवानगी ग्वाल्हेरला. अमोल, मोडलं तेव्हा तह मांडी देणाऱ्याला मिळाला, मांडीवर बसलेल्याला नाही!

म्हणून पुन्हा विचारते, प्रोसिडिंग बुक कोणाच्या कपाटात असतं? कर्ज कोणाच्या नातेवाइकांना गेलंय? न वाचता एक जरी सही केलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

अशा सह्यांपायी भाऊंचं काय झालं ते तुला माहीत आहे. ते ओट्यावर बसून एकामागून एक कागदांवर सह्या करत होते, मी शेजारी तांदूळ निवडत होते. मला शंका आली होती. लहान बहिणीने मध्ये बोलू नये म्हणून गप्प बसले. ते अजून सलतं.

रागावू नकोस. तू हुशार आहेस, लोक तुला मानतात, याचा मला अभिमानच आहे. नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांग. आत्या ऐकत नाही म्हणावं. आणि खुर्ची देणाऱ्यांकडून काही उचल घेतली असशील, तर आईला कळू न देता आधी मला सांग. माझी पेन्शन आहे, बांगड्या आहेत. ओरडणार नाही. रविवारी जेवायलाच ये, थालीपीठ लावते.

तुझी,
आत्या