शितावरून भाताची परीक्षा? – मुलांचे निकाल कसे वाचावेत



आपल्या मुलांच्या हाती शाळेतून जे कागद येतात त्यांचे रूप गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. आपल्या वेळी निकाल म्हणजे तीन गोष्टी असत: पास की नापास, टक्के किती आणि वर्गात नंबर कितवा. आजच्या निकालात श्रेणी असते, वर्णनात्मक नोंद असते, पायाभूत चाचणीचे गुण असतात आणि बारावीनंतर तर दशांश चिन्हापुढे सात अंक असलेला ‘पर्सेंटाइल’ असतो. त्यातच कोठल्या तरी सर्वेक्षणाची बातमी वर्तमानपत्रात येते आणि घरातील चिंता वाढते. ‘फादर, नव्वद आले म्हणजे चांगले की वाईट?’ हा प्रश्न आम्हांला निकालाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा विचारला जातो.

ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ‘नव्वद’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. नव्वद कशाचे, कोणाच्या तुलनेत, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात आरंभीच बजावले आहे की, ज्या विषयात जितकी अचूकता शक्य आहे तितकीच मागणे हे सुशिक्षित माणसाचे लक्षण होय. सोनाराचा काटा गुंजभर सोने मोजतो, पण लाकडाच्या वखारीत त्याचा उपयोग नाही. प्रत्येक मापाचे काम ठरलेले असते. परीक्षेचेही तसेच आहे.

म्हणून कोणताही निकाल हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हे मोजमाप कोणाचे आहे, माझ्या मुलाचे, शाळेचे की साऱ्या राज्याचे? दुसरा: तुलना कशाशी आहे, ठरलेल्या अभ्यासाशी की इतर मुलांशी? तिसरा: ह्यावरून उद्या काय करायचे? हे तीन प्रश्न हाताशी धरून आज आपण निकालांचे निरनिराळे प्रकार पाहू या.

१. प्रगतिपत्रकातील श्रेणी

महाराष्ट्रात २०१० सालापासून पहिली ते आठवीच्या वर्गांना ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ लागू झाले. त्याचे दोन भाग आहेत. वर्गातील रोजचे काम, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय ह्यांचे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिक भाग शंभरात ७० गुणांचा धरला, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. म्हणजे मूल वरच्या वर्गात जाते तसतसे लेखी परीक्षेचे वजन वाढत जाते. सहावीपर्यंत ‘छान’ असलेल्या मुलीची श्रेणी सातवीत उतरली, तर ती अभ्यासात मागे पडली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा फरक लक्षात घ्यावा. तिला विषय समजत असेल, पण ठरलेल्या वेळात लिहून काढण्याची सवय नसेल. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

श्रेणीची एक मर्यादाही जाणून घ्यावी. ९१ ते १०० गुणांना अ-१ श्रेणी मिळते, ८१ ते ९० ला अ-२ आणि ७१ ते ८० ला ब-१. त्यामुळे ९१ गुणांचे मूल आणि १०० गुणांचे मूल एकाच श्रेणीत बसते, पण ८० आणि ८१ गुणांची दोन मुले मात्र दोन वेगळ्या श्रेणींत जातात. ८० आणि ८१ मधला फरक एखाद्या जोडाक्षराचा किंवा सुटलेल्या एककाचा असू शकतो. श्रेणी ही कुंपणासारखी आहे. कुंपण कोठेतरी घालावेच लागते, पण कुंपणापाशीच्या दोन झाडांची जात त्यामुळे बदलत नाही.

२. पायाभूत आणि संकलित चाचण्या

२०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षात राज्यभरातील शासकीय व अनुदानित शाळांत तिसरी ते आठवीसाठी ‘नियतकालिक मूल्यांकन चाचण्या’ सुरू झाल्या. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. सर्व राज्याला एकच प्रश्नपत्रिका. ‘स्टार्स’ ह्या प्रकल्पाखाली त्या आल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या ह्या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२० साली मंजुरी दिली आणि त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

ह्यांपैकी वर्षाच्या सुरुवातीला होते ती पायाभूत चाचणी. ती मागील इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते, हे अनेक पालकांच्या ध्यानात येत नाही. चौथीतल्या मुलाला त्या चाचणीत कमी गुण मिळाले म्हणजे चौथीच्या बाईंनी शिकवले नाही असे नव्हे. तिसरीतले काय पक्के झाले आणि काय कच्चे राहिले ते पाहण्यासाठीच ती घेतलेली असते. वैद्य नाडी पाहतो तेव्हा तो आजाऱ्याला गुण देत नाही, औषध कोणते द्यायचे ते ठरवतो. ही चाचणीही तशीच आहे.

समजा, चौथीतल्या मुलाला गणितात निम्मेच गुण मिळाले. ‘निम्मे’ ह्या शब्दातून आपल्याला काय कळते? काहीच नाही. पण पेपर उघडून पाहिला आणि दिसले की बेरजा सगळ्या बरोबर आहेत, हातच्याच्या वजाबाक्या सगळ्या चुकल्या आहेत, तर सारे कळले. त्याला शिकवणीच्या वर्गाची गरज नाही. शेजारच्या दादाने किंवा घरच्या आजोबांनी दहा-दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन पंधरा दिवस हातचा समजावला, तर काम होईल. म्हणून ह्या चाचणीचे गुण विचारून थांबू नका. शिक्षकांना विचारा, ‘त्याचे नेमके काय राहिले आहे?’

३. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला तेव्हा आठवीपर्यंत कोणालाही एकाच वर्गात ठेवायचे नाही असा नियम होता. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून ती परीक्षा आणली. तेव्हा ‘आठवीपर्यंत काही होत नाही’ ही समजूत आता सोडून द्यावी.

मात्र घाबरण्याचेही कारण नाही. जे मूल अनुत्तीर्ण होईल त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची अशी तरतूद आहे. त्यातही यश आले नाही तरच त्याला त्या वर्गात ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ते दोन महिने हे मुलाचे हक्काचे दिवस आहेत. ते मामाच्या गावी किंवा लग्नसराईत निघून जाऊ देऊ नका. शाळेत जाऊन जादा तास कधी आहेत ते विचारा.

४. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

सर्वांत अधिक गोंधळ येथे होतो. अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेचा आणि आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीचा निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये येऊ लागला. टक्के सांगतात की शंभरातील किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगतो की परीक्षा दिलेल्या शंभरातील कितीजण आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवून आहेत. टक्के म्हणजे भांडे किती भरले, पर्सेंटाइल म्हणजे रांगेत कोठे उभे आहोत.

एका सत्रात १०,००० विद्यार्थी बसले आणि ९,००० जणांचे गुण आपल्या मुलीइतके किंवा कमी आहेत, तर तिचा पर्सेंटाइल ९०. पेपर अवघड असेल तर निम्म्याहून कमी गुण मिळवूनही ९० पर्सेंटाइल येऊ शकतो. ही पद्धत आणावी लागली, कारण परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एका सत्रात तो सोपा गेला, दुसऱ्यात कठीण, तर नुसत्या गुणांवरून तुलना करणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील मुलांशी करतात. प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला १०० पर्सेंटाइल मिळतो. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळालेच असतील असे नाही.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, समजा एका गटात तीन लाख मुले बसली. ९० पर्सेंटाइलच्या मुलीपुढे त्यांपैकी सुमारे तीस हजार मुले आहेत. ९८ आणि ९९ मध्ये ‘एकाचाच फरक’ दिसतो, पण तो सुमारे तीन हजार मुलांचा आहे. तेव्हा ‘नव्वद आले, आता हवे ते कॉलेज मिळणार’ असे धरून चालू नये. आधीच्या वर्षीच्या प्रवेशयाद्या पाहून पसंतीक्रम भरावा. दुसरे, दोन वेगळ्या परीक्षांच्या पर्सेंटाइलची तुलना करू नये. जेईईत ८५ आणि सीईटीत ९३ आले म्हणजे मुलगा मधल्या काळात हुशार झाला असे नव्हे. रांग वेगळी आहे, रांगेतील माणसे वेगळी आहेत. आणि बारावीच्या ७० टक्क्यांशी तर त्याची तुलना मुळीच होऊ शकत नाही.

५. वर्तमानपत्रातील सर्वेक्षण

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले. सुमारे ७४ हजार शाळांतील तिसरी, सहावी आणि नववीची मिळून सुमारे २१ लाख मुले त्यात होती. त्याचे निष्कर्ष २०२५ च्या जुलैत प्रसिद्ध झाले. तिसरीची ५५ टक्के मुलेच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावू शकतात, असे त्यात आढळले.

ही बातमी गंभीर आहे, पण ती कोणाची आहे? ती देशाच्या शिक्षणव्यवस्थेची आहे. निवडक शाळांतील निवडक मुलांची ती पाहणी होती. तिच्यातून एकेका मुलाचा निकाल काढलेला नसतो. अशी बातमी वाचून मुलाचे नाव एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालणे म्हणजे जिल्ह्यात साथ आली असे ऐकून घरच्या निरोगी मुलाला औषध पाजणे होय. तिसरीतले आपले मूल संख्या लावू शकते की नाही हे पाहायला दिल्लीच्या अहवालाची गरज नाही. दहा कागदांवर दहा संख्या लिहा आणि त्याला लावायला सांगा. पाच मिनिटांत कळेल.

भात आणि मूल

शितावरून भाताची परीक्षा असे आपण म्हणतो. एक शीत बोटांत दाबले की साऱ्या भांड्यातील भात शिजला की नाही ते कळते, कारण सगळ्या भाताला सारखीच आच लागलेली असते. प्रत्येक परीक्षा ही अशीच शितावरून केलेली पारख आहे. वर्षभराच्या अभ्यासातून ती पंधरा-वीस प्रश्न निवडते. परंतु मूल म्हणजे सारखा शिजलेला भात नव्हे. कविता पाठ असलेल्या मुलाला भागाकार येत नसेल. परीक्षेच्या दिवशी ताप असेल, घरात भांडण झाले असेल, वडील रात्रपाळीहून आले नसतील. वीस प्रश्नांच्या चाचणीत एक प्रश्न पाच टक्क्यांचा असतो, आणि एक प्रश्न इकडे-तिकडे होणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणून एका निकालावरून मुलाविषयी मत बनवू नये. दोन-तीन निकाल ओळीने एकाच बाजूला झुकत असतील, तर मात्र डोळेझाक करू नये.

ह्याचा अर्थ परीक्षा निरर्थक आहेत असा नव्हे. असे म्हणणे आळसाला सोयीचे असते. सत्य कडू असले तरी ते जाणून घ्यायला हवे. पाचवीच्या मुलाला वाचता येत नसेल आणि आपण ‘तो मनाचा चांगला आहे’ म्हणून विषय संपवला, तर ती माया नाही, हेळसांड आहे. त्याला काय येते आणि काय येत नाही हे निकाल सांगतो. तो कोण आहे हे सांगण्याचा अधिकार निकालाला नाही. तत्त्वज्ञानात गुण आणि तो गुण धारण करणारी वस्तू ह्यांत भेद करतात. ‘गणितात ३५’ हा गुण आहे. तो वर्षभरात बदलू शकतो. मूल हे आपले मूल आहे. ते कोणत्याही वर्षी बदलत नाही.

घरी काय करावे

निकालाचा कागद मुलाला शेजारी बसवून वाचावा, त्याच्या पाठीमागे नव्हे. पहिला प्रश्न ‘किती पडले?’ असा नको, ‘सोपे काय गेले, अवघड काय गेले?’ असा असावा. चुलत भावाचे किंवा शेजारच्या मुलीचे गुण त्या वेळी काढू नयेत. त्या आकड्याने गणित सुधारत नाही, मन मात्र दुखावते. पालकसभेला आईबरोबर वडिलांनीही जावे. तेथे शिक्षकांना दोनच गोष्टी विचाराव्यात: माझ्या मुलाचे नेमके काय कच्चे आहे, आणि घरी आम्ही काय करावे? हजारो रुपयांचा क्लास लावण्याचा निर्णय ह्या दोन उत्तरांनंतर घ्यावा, आधी नव्हे.

आणि निकालाच्या दिवशी एक गोष्ट विसरू नये. त्या संध्याकाळी मूल आपला चेहरा वाचत असते. कागदावरचा आकडा ते पुढे विसरून जाईल, आपल्या चेहऱ्यावर काय दिसले ते विसरणार नाही. निकाल कसाही असो, त्या रात्री सर्वांनी एकत्र बसून जेवावे. अभ्यासाचे वेळापत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी करावे.

कोणाला निकालपत्रक समजत नसेल तर त्यांनी ते घेऊन निःसंकोच यावे. आम्ही बरोबर बसून ते वाचू. येताना मुलालाही आणावे, कारण निकाल त्याचा आहे.