पाण्याची पंगत

पंगत बसली आहे. भात पुष्कळ शिजला आहे. पण वाढपी पहिल्या पानांवरच पुन्हा पुन्हा वाढू लागला, तर काय होईल? शेवटी बसलेला उपाशी उठेल. भात कमी पडला का? नाही. वाढण्यात खोट झाली.

जगाचेही तसेच आहे. साऱ्या जगात पिकणारे धान्य सगळ्यांना पुरेल एवढे असते. तरी सुमारे ७० कोटी माणसे आज अर्धपोटी राहतात. लढाया आणि दुष्काळ ही कारणे आहेतच. पण कित्येकांजवळ ना जमीन, ना पाणी, ना मजुरीला पुरता दाम. बाजारात धान्य असून ते घेणार कशाने?

आपला नाशिक जिल्हाच बघा. इगतपुरीला धो धो पाऊस, येवल्या-नांदगावला बेताचा. ही निसर्गाची वाटणी, ती आपल्या हाती नाही. पण धरणाचे पाणी वाटणे माणसांच्याच हाती आहे.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. ओझरकडची शेते त्याच्या कालव्याच्या टोकाला. वरचे लोक हवे तेवढे पाणी घेत. टोकाला पाणी पोचेच ना! असे का व्हावे? पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर होती. पाणी जास्त घेतले म्हणून पैसे जास्त पडत नसत. मग हात आखडता कोण घेणार?

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवले. १९९१ च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. नियम साधा ठेवला. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. जेवढे घ्याल तेवढी पट्टी भरा. पावसाळ्यात वाया जाणारे पाणी त्यांनी ओढ्यांच्या बंधाऱ्यांत अडवले. विहिरींना पाणी वाढले. कोरड्या रानात द्राक्षे आली. २००५ साली सरकारने अशा संस्थांसाठी कायदाही केला.

पण ज्याला जमीनच नाही, त्याचे काय? त्याचे उत्तर शोधायला आपण पुणे जिल्ह्यात जाऊ. तेथे पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने दिले नाही, घरातल्या माणसांच्या मापाने दिले. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी. भूमिहीनाचाही वाटा धरला. फार पाणी पिणाऱ्या उसाला मात्र पाणी नाही.

मंडळी, आम्ही एवढेच म्हणतो. गरिबी नेहमीच नशिबाची नसते. पुष्कळदा ती वाटणीची असते. आणि वाटणी माणसांनी केलेली असल्यामुळे माणसांना ती बदलता येते. त्यासाठी चारचौघांत बसावे लागते, हिशेब वाचावा लागतो आणि नियम सर्वांना सारखा लावावा लागतो. हिशेब वाचता येऊ लागला की टोकाच्या माणसालाही विचारता येते, "माझा वाटा कुठे आहे?"

विचार करा आणि सांगा :
१. ओझरकडे पाणी का पोचत नव्हते?
२. पाणी मोजून दिल्याने काय फरक पडला?
३. आपल्या गावात शेवटच्या पानावर कोण बसले आहे?